बसलेलं रान

मीरा, नील,

गेल्या रविवारी तुम्ही फोन उंच धरून मला तुमच्या तिकडच्या गावामागचा डोंगर दाखवलात. गुडघ्याएवढ्या झुडपांनी झाकलेला, फिकट जांभळा, आणि वारा असा की तुमच्या आईचं निम्मं बोलणं उडून गेलं. नीलने विचारलं, "आजी, हीथला मराठीत काय म्हणतात?" मी म्हणाले, बघून सांगते. फोन ठेवल्यावर कपाटातले कोश काढले. एकात होतं 'ओसाड माळ', दुसऱ्यात 'झुडपांचे रान', आणि तिसऱ्यातल्या कोशकाराने फुलाचं लांबलचक वर्णन करून शब्द द्यायचं टाळलं होतं. खरं तर मला कोश लागू नयेत. निवृत्त होईपर्यंत मी शाळेत वनस्पतिशास्त्रच शिकवलं. आमच्या पाठ्यपुस्तकात झुडपाला 'क्षुप' म्हणत आणि त्याहून ठेंगणं असेल तर 'उपक्षुप'. मुलं परीक्षेपुरतं लिहीत आणि वर्गाबाहेर पडली की विसरत. क्षुपाला अडकून कोणाचा सदरा फाटल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

तुमचा डोंगर बघताना मला मात्र एक जागा आठवली आणि ती सांगितल्याशिवाय नीलच्या प्रश्नाला उत्तर देता येणार नाही. माझ्या डाव्या डोळ्याला आता अक्षरं पुसट दिसतात, उजवाही फार दिवस साथ देईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. आणि ज्या बाईकडे त्या जागेतल्या एकेका झुडपाचं नाव होतं, तिला पाहिलेलं आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. म्हणून हे आत्ताच लिहून ठेवते आहे. तुमची आई वाचून दाखवील. ती अडखळली तर तिला हसू नका.

आमचं गाव सडक अर्जुनीपासून बैलगाडीने सकाळभराच्या अंतरावर होतं. गावाला एक मोठा तलाव. तो आमच्या घराण्यातल्या कोणीतरी बांधला असं सांगत. कोणी, ते कोणालाच नक्की माहीत नव्हतं, त्यामुळे सगळेच थोडा थोडा अभिमान बाळगत. तलावाच्या खाली धानाची शेतं, आणि वर, जिकडून पावसाचं पाणी वाहत तलावात उतरे, तिकडे बरड. बरड म्हणजे मुरमाड, लालसर, चढाची जमीन. तिच्यावर मोठं झाड क्वचितच. बाकी सगळी झुडपं: बोर, बारीक फळांची काटेरी येरोणी, धायटी, मुरडशेंग, कुडा, खुजी शिंदी. घरात पहाटे पहिला आवाज माझ्या मायच्या उखळाचा, दुसरा बाबांच्या खाकरण्याचा, आणि तिसरा सगुणाआत्याच्या शेरड्यांचा. शेरड्या सुटल्या म्हणजे आत्या बरडीवर निघाली.

सगुणाआत्या बाबांची मोठी बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत विधवा होऊन परत आली आणि तिने घरात कोणावर भार होण्याचं साफ नाकारलं. धायटीची फुलं वाळवून ती अर्जुनीच्या बाजारात औषधवाल्याला विकी. शिंदीच्या पानांचे झाडू वळी. तान्ह्या पोरांच्या पोटदुखीला मुरडशेंग उगाळून देई. टोपलीभर बोरं, चैत्र-वैशाखात चारोळी. तिची लुगडी, तिचं घोंगडं, आणि माझी शाळेची पहिली पाटीसुद्धा त्या बरडीतून आलेली. बाबांकडे तिने कधी काही मागितलं नाही. बाबा तिला 'बाई' म्हणत आणि तिच्यापुढे थोडे दबून असत.

बरडीचा एक नियम होता, तलावाइतकाच जुना. पाण्याच्या वाटेवरच्या हिरव्या लाकडाला कुऱ्हाड लावायची नाही. वाळलेलं मोडून न्यावं, फळ-फूल न्यावं, गवत कापावं, पण मूळ हलवायचं नाही. वर मातामायचा, म्हणजे गावदेवीचा, दगड होता. पेरणीआधी घरातलं मोठं माणूस तिथं नारळ फोडून हा नियम म्हणून येई. मुरूम झुडपांच्या मुळांनी धरून ठेवलेला असतो, मुळं गेली की तो तलावात उतरतो, हे कारण मी पुढे कॉलेजात शिकले. गावात कारण कोणी सांगत नसे. नियम मात्र लहान पोरांनाही माहीत होता.

मी तेव्हा गोंदियाला मामाकडे राहून इंग्रजी शाळेत शिकत होते. मामाच्या गल्लीत सगळे हिंदी बोलत, आणि पलीकडच्या राइस मिलचा पट्टा दिवसभर फटफट वाजे. आमच्या इंग्रजीच्या पुस्तकात एका धड्यात हीथ आलं होतं. मास्तरीणबाईंनी फळ्यावर लिहिलं, 'खुरट्या झुडपांची निकामी जमीन'. सुट्टीत घरी आल्यावर मी आत्याला ते मोठ्या ऐटीत सांगितलं. ती बरडीवर बसून येरोणीची फळं खात होती. म्हणाली, "खुरटी कायले म्हणतेत वं?"

"उंच वाढत नाहीत म्हणून."

"खुरटली नाही ना पोरी. बसली आहेत ते." आणि बी थुंकून म्हणाली, "तू बसली त तुले कोनी खुरटी म्हनते का?"

तिची स्वतःची वर्गवारी वेगळीच होती. झुडपांत कोण शिरू शकतं, त्यावरून ती रानाला नाव देई. जिथे फक्त ससा शिरतो ते 'ससेरान'. जिथे शेरडी शिरते पण गाय नाही ते 'शेरडरान'. जिथे माणूस वाकून जातो ते 'वाकरान'. हे शब्द कुठल्या कोशात नाहीत आणि गावातही दुसऱ्या कोणाच्या तोंडी मी ऐकले नाहीत. बहुधा तिचेच असावेत. पुढे मी वर्गात फूटपट्टीने उंची सांगून क्षुप आणि उपक्षुप शिकवत असे, तेव्हा पुष्कळदा वाटे, उंची मोजण्यापेक्षा आत कोणाला जागा मिळते हे मोजणं काही कमी शास्त्रीय नाही. पण तसं लिहिलं असतं तर मुलांचे गुण गेले असते.

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली त्यानंतरची ही गोष्ट. तलाव, बरड, गायरान, सगळं सरकारकडे आलं होतं आणि कोणती जमीन कोणत्या नावाने लिहायची हे ठरवायला साहेब गावोगाव फिरत होते. 'झुडपी जंगल' असं लिहिलं गेलं की जमीन आहे तशी राहणार. 'पडीत' लिहिलं गेलं की ती मागणाऱ्याला कसायला मिळणार. होळीच्या आदल्या दिवशी कोतवाल सांगत आला, की साहेब उद्या आमच्या गावी येणार, जेवणार, आणि बरड पाहणार. मी होळीच्या सुट्टीत घरी होते. आत्या मात्र नणंदेच्या मुलीच्या लग्नाला दुसऱ्या गावी गेलेली.

बाबा गावचे पटेल, आणि त्यांना बरड जंगल म्हणूनच लिहून हवी होती, यात शंका नको. त्यांनी संध्याकाळी गावातल्या माणसांना अंगणात बसवून तसं सांगितलंही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कोणीतरी म्हणालं, "पन सायेब बरडीवर जाईन कसा जी? पँटवाला मानूस. येरोणीनं फाडून टाकंन."

आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की अंगण सारवलं जाई, दारापुढचा गाडीरस्ता झाडला जाई, विहिरीचा दोर नवा बांधला जाई. पाहुण्याच्या अंगाला घरातला काटा लागणं ही लाजेची गोष्ट.

"फाटली त गावाची काय इज्जत राह्यली?" बाबा म्हणाले. "एक वाट साफ करून ठेवू. उद्या सकाळीच."

"मातामाय?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"नारळ फोडू. पाहुण्यासाठी आहे, मातामाय काऊन रागावंन?"

सकाळी उजाडता उजाडता कुऱ्हाडी घेऊन गाव बरडीवर गेलं. मीही मागे गेले. आधी माणूस चालेल एवढी वाट झाली. मग बाबांना वाटलं, साहेबाबरोबर चार माणसं असतील, ती काय मागे रांगेत चालणार? म्हणून गाडी जाईल एवढी. मग वाटेच्या दोन्ही कडांना तुटक्या फांद्या ओबडधोबड दिसू लागल्या, त्या सारख्या केल्या. बाबांना अर्धवट काम आवडत नसे. माझ्या कपाटातल्या घड्या बघून तुमच्या आईला माझ्या ज्या स्वभावाचा कंटाळा येतो, तो तिथून आला आहे. सारखं करता करता तलावापासून मातामायच्या दगडापर्यंतचा खालचा सगळा उतार सपाट झाला. माणसांना हुरूप आला होता. एकाने थट्टा केली, "गोविंदभाऊ, आता सडा-रांगोळी बी घालू का?" आणि सगळे हसले, बाबाही. तोडलेली झुडपं पोरांनी ओढत ओढत होळीच्या जागी नेली. लाल फुलांनी भरलेल्या धायटीच्या फांद्या गावाच्या रस्त्यावरून जाताना मी पाहिल्या. वरात चालल्यासारखं वाटत होतं.

घरी मायने चिन्नोर तांदळाचा भात, लाखोरीच्या डाळीचे वडे आणि ताकाची कढी केली होती. साहेब जबलपूरकडचे, सावळे, सडपातळ, अंगात बरीच वर्षं वापरलेला कोट. पोटभर जेवले, वडे पुन्हा मागून घेतले आणि हात धुऊन म्हणाले, "चलिए, आपका जंगल देख लें."

बाबांनी त्यांना त्या वाटेने वर नेलं. साहेब चालत होते, दोन्ही बाजूंना पाहत होते. मातामायच्या दगडापाशी पोचल्यावर थांबले.

"बहुत साफ रखा है आपने," ते म्हणाले. "पर जंगल कहाँ है?"

बाबांनी मागे वळून पाहिलं. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. कालपर्यंत जिथे शेरडी शिरत नव्हती, तिथून खाली तलावाच्या पाळीवर बसलेले बगळे मोजता येत होते. "हेच होतं जी," ते म्हणाले. "सकाळवरी होतं. तुमच्यासाठीच साफ केलं. काटे लागू नये म्हनून."

साहेब हसले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते. टोपी जरा मागे सारून ते शेजारच्या एका खडकावर टेकले. "पटेल साहब, मैं तो वही लिख सकता हूँ जो दिखता है. यह तो मैदान है. पडीत."

तेवढ्यात खालून आत्या येताना दिसली. लग्नाच्या घरून ती थेट बरडीच्या बाजूने परतत होती, अंगावर लग्नात मिळालेलं नवं लुगडं, डोक्यावर गाठोडं. उताराच्या मध्यावर ती उभी राहिली. एका खुंटावर हात ठेवला, मग दुसऱ्यावर. वर आली तेव्हा तिने साहेबांकडे पाहिलंच नाही.

"कोनं केलं हे?"

बाबा म्हणाले, "बाई, पाहुना येऊन राहिला होता."

"पाहुन्यासाठी घर सारवतेत गोविंदा. घर पाडतेत का?" तिने गाठोडं खाली ठेवलं. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज हलला नाही. मग ती साहेबांकडे वळली. "सायेब, तुमी पाहुन्याच्या वाटेनं आले. आता घरच्या वाटेनं चला."

साहेबांना शब्द कितपत कळले कोण जाणे. तिचं वळणं कळलं. मातामायच्या दगडाच्या वरच्या अंगाला जे रान उरलं होतं त्यात ती वाकून शिरली आणि साहेब तिच्यामागे शिरले. मीही गेले. पहिल्याच वळणावर येरोणीने त्यांची टोपी काढून घेतली. दुसऱ्यावर कोटाची बाही धरली. "अरे भई," म्हणत ते अर्धे बसले, अर्धे रांगले. आत्या पुढून नावं सांगत होती: ही धायटी, हा कुडा, ही मुरडशेंग, शेंग पाहा पिळल्यावानी, हे चाराचं झाड, चारोळीचं, याले दरसाल शेरड्या खातेत म्हनून बसून आहे. साहेबांनी काटा काढता काढता माझ्या वेण्यांकडे आणि शाळेच्या झग्याकडे पाहिलं.

"तुम पढ़ती हो? इसको इंग्लिश में क्या कहते हैं?"

"श्रब, सर."

"और यह?"

"श्रब."

"और वह उधर?"

"वह भी श्रब."

ते मोठ्याने हसले. आत्याने काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "सगळ्या पोट्ट्याइले एकच नाव ठेवलं त हाक कोनाले मारसान?"

मी ते हिंदीत सांगितलं तेव्हा साहेब पुन्हा हसले, पण या वेळी थोडे कमी. आणखी पुढे गेल्यावर ते एका जागी नुसते बसून राहिले. आत गारवा होता. वाळलेल्या पानांवरून काहीतरी सरपटत गेलं. एक होला पक्षी घुमत होता. बाहेरून बाबांच्या हाका ऐकू येत होत्या, पण माणूस दिसत नव्हता. बाहेर आल्यावर त्यांनी वर हात केला. "यह ऊपर का पूरा झुडपी जंगल. यह मैंने देखा भी, भुगता भी." मग खाली हात करून बाबांना म्हणाले, "पर नीचे का मैं क्या करूँ? आपने खुद लकीर खींच दी है."

"पाण्यापावसाचं या जी एकदा," बाबा म्हणाले. "फुटंन ते."

"फुटत नाही आता," आत्या म्हणाली. "मेली ते."

साहेबांना पुढच्या गावी जायचं होतं. ते पुन्हा येणार नव्हते.

त्या संध्याकाळी गावात कधी पेटली नव्हती एवढी मोठी होळी पेटली. ओली लाकडं, म्हणून धूर फार झाला आणि पळसाच्या रंगाने भिजलेली पोरं खोकत नाचत राहिली. आत्या आली नाही. ती पडवीत शेरडीची धार काढत बसली होती. बाबा होळीला नारळ टाकून लगेच परत आले आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर, भिंतीला टेकून बसले. मायने दोघांना पुरणपोळी वाढली, ती बराच वेळ तशीच होती. मग आत्याने तिच्यातला तुकडा मोडला आणि बाबांनीही मोडला.

मृगानंतर खालच्या उतारावर प्रत्येक खुंटाच्या बुडातून फूट आली. एकेका खुंटाला पाच-सहा धुमारे, तांबूस, लुसलुशीत. झुडूप म्हणजे काय याची पुस्तकी व्याख्या हीच आहे: एक खोड न धरता जमिनीपाशीच अनेक फांद्या फुटणारी वनस्पती. मी नागपूरला कॉलेजात ती वाचली तेव्हा मला पानावर तो उतार दिसला. आत्याचं म्हणणं चुकलं होतं, बाबांचं खरं झालं होतं. पण कागदावर पडीत लिहून झालेलं होतं. पुढच्या वर्षी मागणाऱ्यांना तुकडे मिळाले, नांगर लागला, मुळं निघाली. ज्यांना मिळाले ती भूमिहीन घरं होती. त्या जमिनीवर त्यांनी कोदो-कुटकीसारखं हलकं धान्य, मग तूर पिकवली, पोरं वाढवली. त्यांना मी काय म्हणू? आणि दर पावसाळ्यात त्या उतारावरून लाल पाणी तलावात उतरू लागलं. आमच्या पोहण्याचा कोपरा आधी उथळ झाला, मग चिखल, मग गवत.

बाबांनी त्यावर कधी चर्चा केली नाही. मात्र पेरणीआधी मातामायकडे ते आत्याला सोबत घेतल्याशिवाय जात नसत, आणि पाहुण्यांसाठी अंगणापलीकडे त्यांनी पुन्हा काही झाडलं नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा वराकडची मंडळी येणार म्हणून ते दारातला शेणाचा सडा स्वतः पाहत होते. आत्या जाता जाता म्हणाली, "गोविंदा, तलाव बी पुसून ठेव." बाबा बादली खाली ठेवून इतके हसले की डोळे पुसावे लागले. त्या दोघांतलं ते भांडण त्या दिवशी संपलं असं मला वाटतं.

तर नील, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुमच्या डोंगरावरची झुडपं वाऱ्यामुळे आणि आंबट, निकस मातीमुळे ठेंगणी असतात. आमची मुरमामुळे, शेरडीच्या तोंडामुळे आणि माणसाच्या हातामुळे. कुळं वेगळी, पानं वेगळी, बसण्याची पद्धत तीच. कोशातलं 'ओसाड' खोडून टाक. हीथ म्हणजे बसलेलं रान, असं लिहून ठेव. तुझ्या शिक्षकांना चाललं नाही तर मला फोन करायला सांग.

मागच्या होळीला माझा भाचा मला गाडीने गावी घेऊन गेला. तलाव आहे, त्याचा एक कोपरा बुजलेला आहे. खालच्या उतारावर तुरीच्या शेताचं कुंपण आहे. मातामायचा दगड आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला, त्याच रेषेपासून, धायटी लाल होऊन उभी आहे. तलाठ्याच्या कागदावर ती जागा अजून झुडपी जंगल आहे. मला आता आत जाता येत नाही, म्हणून भाच्याला पाठवलं. तो वाकून शिरला, आणि शर्ट फाडून घेऊन बाहेर आला.